लाईन वीटभट्टीवर का संपते

बायको गेल्याचं त्याला पार्किंगच्या राखणदाराकडून कळलं. सकाळचे सव्वानऊ वाजले होते आणि तो शेगडी पुसत होता, कारण शेगडी न पुसल्याबद्दल आदल्या दिवशी बोलणी खाल्ली होती.

"साहेब, ती निळी गाडी तुमचीच ना? कोपऱ्यातली?" राखणदारानं फोनवर विचारलं.

"बायकोची. का, लाईट चालू राहिले का?"

"नाही. बाई आतच बसल्यात. काचेवर टकटक केलं दोनदा. तुम्ही या."

"आत? मग सात बावन्न?"

"सात बावन्न त्यांनी पकडलीच नाही साहेब."

त्याला तेव्हाच कळलं. तरी त्यानं शेगडीचा उरलेला भाग पुसून काढला, फडकं पिळून दोरीवर टाकलं आणि मग चपला शोधायला लागला. चपला पायातच होत्या.

त्याला गाडी चालवता येत नव्हती. शेजारी दातांचे डॉक्टर राहायचे, त्यांनी दवाखाना बंद ठेवून त्याला नेलं. गावापासून शेवटच्या स्टेशनपर्यंत बावीस मिनिटं लागतात. डॉक्टर स्वभावानं बोलके. पहिली अठरा मिनिटं त्यांनी कसाबसा दम धरला, मग म्हणाले, "काका, मी आत्ता बोलू नये, पण स्टेशन गावात असतं ना, तर समोरच हॉस्पिटल होतं."

बोलू नये म्हणून जे बोलतात ते माणसाच्या डोक्यात घर करून बसतं. त्याच्याही बसलं. कारण स्टेशन गावात नव्हतं, ते गावाबाहेर पडक्या वीटभट्टीच्या माळावर होतं, आणि ते तिथे त्यानंच नेऊन ठेवलं होतं.

तो रेल्वेच्या सर्वेक्षण ऑफिसात नकाशे काढायचा. एकतीस वर्षं. ऑफिसात त्याला सगळे पट्टी म्हणायचे, अंगानं तसाच होता आणि हातातही तीच असायची. ऑफिस त्यांच्या गावातच होतं, घरापासून सायकलनं दहा मिनिटं. म्हणजे गावात रेल्वेचं ऑफिस होतं, रेल्वेची माणसं होती, रेल्वेच्या शिक्क्याच्या खुर्च्या होत्या, फक्त रेल्वे नव्हती. सव्वीस वर्षांपूर्वी शहराकडून उपनगरी लाईन यायचं ठरलं. पहिल्या नकाशात ती थेट गावात येत होती, भाजीबाजारामागे. तो नकाशा त्यानंच काढला होता आणि बरा जमला होता. मग एक दिवस मोठ्या साहेबांकडून चिठ्ठी आली. लाल पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'टोक दहा किलोमीटर अलीकडे घ्या. हरकती.' बस्स. नकाशेवाल्यानं 'का' विचारायचं नाही, 'किती' विचारायचं, अशी ऑफिसची पद्धत होती. आणि किती ते चिठ्ठीत होतंच. त्यानं दुपारच्या चहाआधी दहा किलोमीटर खोडले.

पुढे आयुष्यभर लोक त्याला विचारत राहिले, अहो, ही लाईन अशी उजाड माळावर का संपते? शहरातून धापा टाकत एवढी गाडी येते आणि गाव दिसायला लागलं की बसकण मारते, हा काय प्रकार आहे? त्याच्याकडे उत्तरं तयार होती. लग्नाच्या पंगतीत, केस कापताना, कुठेही तो ती द्यायचा. गाड्यांना रात्री झोपायला जागा लागते, सोळा गाड्या एका ओळीत, त्याला सपाट माळ हवा. सकाळी सगळी माणसं शहराकडे निघतात, म्हणून गाड्या बाहेरच्या टोकालाच झोपलेल्या बऱ्या. हमरस्ता तिथून जवळ आहे, बारा गावांच्या मोटारी येऊन उभ्या राहू शकतात. जमीन स्वस्त होती. पुढे नाला आहे, त्यावर पूल लागला असता.

ही सगळी कारणं खरी होती. अडचण एवढीच की ती सगळी नंतर सुचलेली होती.

बायकोला त्यातलं एकही पटायचं नाही. ती शहरात एका छापखान्यात प्रूफं तपासायची. लाईन सुरू झाल्यापासून आठवड्यातले सहा दिवस, आणि निवृत्तीनंतरही छापखान्यानं सोडलं नाही म्हणून तीन दिवस, ती गाडी घेऊन वीटभट्टीवर जायची, तिथे ती उभी करायची आणि सात बावन्न पकडायची. निघताना रोज टोमणा ठरलेला. "निघाले हो तुमच्या माळावर. काय पण टोक काढलंय! हात आखडला होता का त्या दिवशी?"

"अगं, चिठ्ठी आली होती वरून."

"चिठ्ठी आली म्हणून बायकोला रानात सोडायचं?"

हे तो लाईन सुरू झाल्यापासून ऐकत होता. पहिल्या वर्षी तर ती रडली होती. आता मी स्टेशनपर्यंत जाऊ कशी म्हणून जेवायची थांबली होती, एक वेळ का होईना. त्यालाच इतकं अपराधी वाटलं की मेव्हण्याची जुनी गाडी पडून होती ती त्यानं स्वतः जाऊन मागून आणली आणि तिची माफी मागून दिली. ती म्हणाली होती, "आता तुम्ही एवढं म्हणताय तर शिकते."

डॉक्टरांच्या गाडीतून उतरताना त्याच्या डोक्यात हे सगळं होतं. मग ती दिसली. मान जरा डावीकडे, चष्मा डोळ्यांवर, पट्टा सोडलेला. हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी सांगितलं, हृदय होतं, दोन-चार मिनिटांचा खेळ. वेळेवर कोणी असतं तर? त्यावर ते म्हणाले, सांगता येत नाही. सांगता येत नाही, यावर माणूस वर्षानुवर्षं जगू शकतो किंवा मरू शकतो.

लेक आली, पंधरा दिवस राहिली, निळी गाडी घरी आणून लावली. जाताना म्हणाली, "बाबा, काहीतरी करत राहा हां. नुसते बसू नका."

करायला एक काम आपोआप आलं. डॉक्टर 'लाईन गावात आणा' समितीचे अध्यक्ष होते. रेल्वेनं राहिलेले दहा किलोमीटर आता बांधायचे म्हणून पुन्हा हरकती आणि सूचना मागवल्या होत्या. पुढच्या महिन्यात जनसुनावणी होती.

"काका, तुम्ही बोललात तर संपलंच," डॉक्टर म्हणाले. "रेल्वेचा माणूस, नकाशा काढणारा, आणि... म्हणजे... वहिनींचं तसं झालेलं."

"माझं आता काय राहिलंय, बोलतो की," तो म्हणाला. त्यानं पाठिंब्याचा अर्ज लिहिला. लाईनचं टोक गावाबाहेर काढण्यात चूक झाली, ती चूक माझ्या हातची आहे, त्या चुकीनं माझ्या पत्नीचा जीव गेला, ती दुरुस्त करावी. चारच ओळी. लिहून झाल्यावर त्याला महिन्याभरात पहिल्यांदा भूक लागली. लाईन गावात आली म्हणजे आपली सुटका होईल, असं त्याच्या मनानं घेतलं होतं. हे तो कोणाला बोलला नव्हता, पण त्याचे सगळे हिशोब त्यावर होते.

डॉक्टरांनी अर्ज त्याच दिवशी दाखल केला. मग त्याला वाटलं, अर्जाला जुना नकाशाही जोडावा. भाजीबाजारामागचा, बरा जमलेला. त्यासाठी तो ऑफिसात गेला.

दफ्तरखान्यात अजून जुनाच दफ्तरी होता. निवृत्तीला आठ महिने राहिलेले, मानेला पट्टा, आणि आठ हजार फायलींत कुठली कुठे ते डोळे मिटून सांगणारा. दोघांनी तीस वर्षं एका टेबलावर डबा खाल्ला होता.

"नकाशा देतो," दफ्तरी म्हणाला, "पण हरकतींची फाईल नको मागू."

"हरकतींची फाईल मला कशाला?"

"नको ना? मग बरं झालं."

एवढं झाल्यावर कोण गप्प बसेल? त्यानं फाईल मागितली. दफ्तरी म्हणाला, नाही. तो म्हणाला, नागरिक म्हणून मागतो. दफ्तरी म्हणाला, अर्ज दे. त्यानं तिथेच अर्ज दिला. मग दफ्तऱ्याचा नाइलाज झाला. अर्ज आला की कागद द्यायचा, हा माणूस आयुष्यभर त्याच धर्मानं चालला होता.

फाईलमध्ये दोनशे बारा हरकती होत्या. त्यानं वाचायला सुरुवात केली आणि वाचता वाचता त्याला हसूच यायला लागलं. गावाला स्टेशन हवं होतं. एकालाही नको नव्हतं. बाजाराच्या अलीकडच्या लोकांना ते पलीकडे हवं होतं आणि पलीकडच्यांना अलीकडे. शाळेच्या मुख्याध्यापकांना ते हॉस्पिटलजवळ हवं होतं, हॉस्पिटलला ते शाळेजवळ. सगळ्यांना गाडी हवी होती, पण गाडीसाठी येणाऱ्या बारा गावांच्या मोटारी नको होत्या. आत्ताच्या अध्यक्ष डॉक्टरांच्या वडिलांची हरकत तर सहा पानी होती, स्टेशनच्या खडखडाटानं रुग्णांच्या कवळ्या हलतील अशी. फक्त वीटभट्टीच्या माळाकडून एकही हरकत आली नव्हती. माळाला लिहिता येत नाही.

एकशे त्रेचाळिसावा कागद उलटला आणि त्याचं हसू गेलं.

अक्षर बायकोचं होतं. पत्राला रेल्वेची छापील सूचना जोडलेली होती आणि तिच्यातल्या सात चुका लाल शाईनं दुरुस्त केलेल्या होत्या, समासात, तिच्या त्या खुणांनी. पत्र असं होतं:

'भाजीबाजारामागे स्टेशन होण्यास माझी हरकत आहे. एक, तिथे गटार तुंबतं. दोन, शाळा जवळ आहे. तीन, बाहेरगावच्या मोटारी आमच्या दारात उभ्या राहतील. चार, आमच्या दोन खोल्यांत पाच माणसं आहेत. सासूबाई, दीर, मुलगी, पती आणि मी. स्टेशन चालत जाण्याजोगं झालं तर आमच्या घरात गाडी येणार नाही आणि दिवसातली घटकाभरही मी एकटी असणार नाही. वीटभट्टीवर स्टेशन झालं तर जाताना बावीस मिनिटं आणि येताना बावीस मिनिटं मिळतील. माझे पती आपल्याच कार्यालयात आहेत, त्यांना हे कळवू नये. माणूस चांगला आहे, पण सतत असतो.'

चौथं कारण तिनं आधी खोडलं होतं. मग खोडलेल्या ओळींखाली टिंबं टिंबं दिली होती. प्रूफं तपासणाऱ्यांत त्याचा अर्थ, खोडलेलं तसंच राहू द्या. हे त्याला तिनंच कधीतरी शिकवलं होतं.

"तुला माहीत होतं?" त्यानं विचारलं.

"आवक क्रमांक माझ्याच हातचा आहे की."

"आणि सव्वीस वर्षं बोलला नाहीस? रोज माझा डबा खाल्लास!"

"लिहिलंय ना त्यात, त्यांना कळवू नये म्हणून. साहेबांनी त्याखाली सही केली. म्हणजे तो शेरा झाला. शेरा मोडायचा कसा?"

"म्हणजे साहेबांनाही माहीत होतं?"

"साहेबांना, हेडक्लार्कला, शिपायाला, चहावाल्याला. तुला सोडून सगळ्यांना. शेराच तसा होता." दफ्तऱ्यानं मानेचा पट्टा सैल केला. "पट्टी, एक सांगू? दोनशे बारांत हीच एक हरकत साहेबांनी दोनदा वाचली. म्हणाले, बाकी सगळे खोटं बोलतायत, ही बाई खरं बोलतीय. आणि चिठ्ठी लिहायला घेतली."

तो घरी आला आणि स्वयंपाकघरात उभा राहून मोठ्यानं भांडला. "माफी मागून गाडी दिली मी तुला! जेवली नाहीस तू! सासुरवाडीला दोन खेपा घातल्या मी, मेव्हण्यापुढे हात जोडले!" समोर कोणी नव्हतं. भांडण एकतर्फी झालं की फार लवकर संपतं, हे त्याला नवीनच कळलं. मग तो तिथल्या स्टुलावर बसला. सतत असतो म्हणे. आता घरात सतत फक्त तोच होता.

दुसऱ्या दिवशी तो बसनं वीटभट्टीवर गेला. आपण काढलेल्या लाईनच्या टोकाला तो आयुष्यात अकरा वेळा आला असेल, आणि त्यातली एक वेळ ती गेली त्या दिवशीची. राखणदारानं त्याला ओळखलं, खोपटातली खुर्ची दिली.

"ती रोज किती वाजता यायची?" त्यानं विचारलं.

"सव्वासातला."

"सात बावन्नसाठी?"

"हो. बसून राहायच्या."

"काय करायची?"

"काही नाही करायच्या. तेच तर! बाकीचे फोनवर भांडतात, ओठ रंगवतात, डबा उघडून खातात. या काच वर करून नुसत्या बसायच्या. सुरुवातीला मला वाटलं, बाईंचं काही दुखतंय. जाऊन विचारलं, तर म्हणाल्या, मी घरी आहे, नंतर या."

त्याला हसू फुटलं. राखणदारही हसला. मग म्हणाला, "साहेब, त्या दिवशी सुद्धा मी लवकर गेलो नाही तो त्यामुळंच. त्यांचा नियम होता तो. मी आपलं म्हटलं, बाई घरी आहेत."

ते वाक्य त्यानं खिशात ठेवल्यासारखं ठेवून घेतलं. राखणदाराच्या डोळ्यांत पाणी होतं. हा माणूसही महिनाभर झोपला नसणार, हे त्याच्या लक्षात आलं. "तुझी काही चूक नाही," तो म्हणाला. हे वाक्य त्याला स्वतःलाही कोणी म्हणायला हवं होतं, पण तिथे तिसरा माणूस नव्हता.

संध्याकाळची गाडी येईपर्यंत तो थांबला. सहाशे-सातशे माणसं उतरली, आपापल्या मोटारीत जाऊन बसली. आणि बसली ती बसलीच. इंजिनं काही सुरू होईनात. ओळीच्या ओळी मोटारी, प्रत्येकीत एक माणूस, हात मांडीवर. एक गृहस्थ स्टिअरिंगवर कपाळ टेकवून होते. एक बाई बूट काढून पाय वर घेऊन बसली होती. दहा मिनिटांनी पहिली गाडी हलली, नाइलाज झाल्यासारखी. त्यानं चौदाशे गाड्यांच्या पार्किंगचा नकाशा काढला होता, रेषा न् रेषा, गाडीला अडीच मीटर रुंदी. त्यात माणसं बसलेली दाखवायची असतात हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

सुनावणी शाळेच्या हॉलमध्ये झाली. खुर्च्या मुलांच्या होत्या, त्यामुळे सगळं गाव गुडघे छातीशी घेऊन बसलं होतं. सुनावणी अधिकारी एक तरुण बाई होत्या. पहिले तेरा वक्ते सव्वीस वर्षांपूर्वीचंच बोलले. स्टेशन हवंच, पण आमच्या बाजूला नको. मग चौदावा क्रमांक पुकारला गेला, तो उठला. पुढच्या रांगेतून डॉक्टरांनी त्याला मान हलवून धीर दिला.

त्यानं खिशातून आपला कागद काढला, परत ठेवला, दफ्तऱ्याकडून घेतलेली नक्कल काढली आणि बायकोचं पत्र वाचलं. आधी पहिली तीन कारणं. मग जरा थांबून चौथं. 'माणूस चांगला आहे, पण सतत असतो' या वाक्याला हॉल फुटला. बायका जास्त हसल्या. एक आजीबाई तर पदर तोंडाला लावून हसत होत्या आणि शेजारी बसलेल्या आपल्या म्हाताऱ्याला कोपरानं ढोसत होत्या.

"हे कोणाचं पत्र आहे?" अधिकारी बाईंनी विचारलं.

"माझ्या बायकोचं."

"त्या आल्या आहेत का?"

"नाही. वारल्या."

आजीबाईंनी तोंडावरचा पदर खाली घेतला. बाई म्हणाल्या, "सॉरी. पण नियमानं मयत व्यक्तीची हरकत नोंदवता येत नाही."

"नव्यानं नका नोंदवू. जुनीच आहे. क्रमांक एकशे त्रेचाळीस. मान्य झालेली."

"मग तुमचं म्हणणं काय? तुमचा अर्ज तर पाठिंब्याचा आहे."

डॉक्टर उठून उभे राहिले. "काका, अहो, तुम्ही नक्की कोणाच्या बाजूनं?"

"डॉक्टर, बसा. तुमच्या वडिलांच्या कवळ्या पण आहेत फायलीत, वाचून दाखवू का?"

डॉक्टर बसले.

"बाई," तो अधिकाऱ्यांना म्हणाला, "मी अर्जात लिहिलंय की स्टेशन लांब होतं म्हणून ती गेली. गावात असतं तर ती चालत गेली असती, माणसांत पडली असती, कोणीतरी उचललं असतं. कदाचित वाचली असती. पण तिनंच ते लांब मागून घेतलं होतं. रोजची चव्वेचाळीस मिनिटं, वर बसायची ती वेगळीच. मी त्याचा हिशोब मांडतोय पंधरा दिवस, तो जमत नाही. आता दहा किलोमीटर बांधून ती परत येणार नाही. आणि त्या पार्किंगमध्ये अजून शेकडो माणसं बसून असतात, त्यांना कोणी विचारलं का?"

"त्यांनी हरकत नोंदवली नाही," बाई म्हणाल्या.

"त्यांना घरच्यांनी विचारलं तर काय सांगतील?"

यावर बाई पहिल्यांदा हसल्या आणि लगेच कागदाकडे वळल्या. "काका, अर्ज मागे घ्यायचा असेल तर एक नमुना असतो, तो भरून द्या. महिनाअखेरपर्यंत. नाही दिलात तर पाठिंबा धरला जाईल."

त्यानं नमुना घरी आणला. स्वयंपाकघरातल्या टेबलावर पेन घेऊन बसला. अर्जदाराचं नाव लिहिलं, पत्ता लिहिला, मूळ अर्जाचा क्रमांक लिहिला. लेकीचा फोन आला, तेव्हा त्यानं तिला पत्रासकट सगळं सांगितलं. ती बराच वेळ हसली. मग म्हणाली, "मग बाबा, मागे घेताय का?"

"बघतोय."

महिनाअखेरीला अजून नऊ दिवस आहेत. बाकी सगळे रकाने भरून झालेत. अर्ज मागे घेण्याचं कारण, हा रकाना भरायचा राहिला आहे.